नकाशाबाहेरच्या गाड्या

खोटं कशाला बोलू, माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटतो. वाटायचा असं नाही म्हणत, वाटतो. लोक असलं काही सांगायचं तर आधी दोन वाक्यं स्वतःच्या चांगुलपणाची टाकतात आणि मग हळूच मुद्द्यावर येतात. मला तेवढा धीर नाही.

आम्ही दोघी एकाच कचेरीत आहोत, शहराच्या वाहतूक विभागात. मी चोवीस वर्षं, ती तीन. कुठल्या चौकात सिग्नल हवा, हिरवा दिवा किती सेकंद, लाल किती, रस्ता कुठे रुंद करायचा, हे ठरवणं आमचं काम. माझी पद्धत जुनी. चौकात माणसं बसवून गाड्या मोजून घ्यायच्या, ते आकडे सूत्रात घालायचे आणि कागदावर उत्तर काढायचं. तासाला किती गाड्या येतात आणि किती सुटू शकतात, या दोन आकड्यांवर सगळं उभं असतं. येणाऱ्या कमी असल्या तर थोडं थांबून सुटतात. जास्त असल्या की रांग वाढतच जाते, मग तिथे कुणाचाही बाप उभा केला तरी ती थांबत नाही. एक पेन्सिल, एक कॅल्क्युलेटर, एक दुपार. उत्तर चुकलं तर कुठल्या ओळीत चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

धाकटीचं तसं नाही. ती संगणकात अख्खा चौक उभा करते. सिम्युलेशन म्हणतात त्याला. त्यातल्या प्रत्येक गाडीला ड्रायव्हर असतो आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वभाव. कुणी घाईचा, कुणी भित्रा, कुणी पुढच्याच्या शेपटाला चिकटून चालवणारा. फासे पडावेत तशा गाड्या कधी दोन, कधी सात येतात आणि सकाळचा एक तास पडद्यावर दोन मिनिटांत घडून जातो. कुठल्याच दोन दिवसांची सकाळ सारखी नसते, म्हणून तो तास तीस वेळा घडवायचा आणि सरासरी काढायची. हे सगळं शास्त्राला धरून आहे, मी नाही म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पडद्यावर गाड्या हलायला लागल्या की बघणाऱ्यांची डोकी हलायची थांबतात.

घरचंच उदाहरण घ्या. आई माझ्याकडे राहते. चोवीस वर्षं मी तिच्यासमोर जेवणाच्या टेबलावर आकडेमोड करते आहे. तिने कधी चष्मा लावून एक कागद वाचला नाही. ‘पसारा उचल’ एवढाच तिचा अभिप्राय. आणि धाकटीने पहिल्यांदा लॅपटॉप उघडून चौक दाखवला, तेव्हा आई खुर्ची ओढून अर्धा तास बसली. त्या पडद्यावरची एक लाल गाडी म्हणे दुसरीला वाट देते, किती शहाणी आहे. त्या लाल गाडीचं कौतुक आठवडाभर चाललं होतं. मी त्याच टेबलावर एका खऱ्या चौकाचे खरे सेकंद मांडत होते आणि मला कोपर जरा बाजूला घ्यायला सांगण्यात आलं.

आम्हा दोघींत तेरा वर्षांचं अंतर आहे. ती लहान असताना तिची गणिताची वही शाळेत जाण्याआधी माझ्या हातून जायची. मी तपासायचे आणि पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण करायचे. ती सवय तिची सुटलीच नव्हती. नोकरीला लागल्यावरही कुठलंही काम साहेबांकडे पाठवण्याआधी ती माझ्याकडे आणायची. ‘ताई, एकदा बघ ना.’ मी बघायचे आणि खूण करायचे. कचेरीत यावर सगळे हसायचे. मला मात्र ते फार बरं वाटायचं, कारण जगात तेवढी एकच जागा उरली होती जिथे ती माझ्यापेक्षा खालच्या पायरीवर होती.

तर आगाराच्या चौकाचं काम आलं. तिथे चार रस्ते मिळतात. एक बसच्या आगाराकडून, एक शाळेकडून, एक बाजाराकडून आणि एक पुलावरून. सकाळी साडेआठ ते साडेनऊ त्या चौकातून जायचं म्हणजे घरून डबा घेऊनच निघावं. साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं आणि म्हणाले, मोजणी एकच वापरा, पण काम वेगवेगळं करा. एकीने सूत्राने, एकीने सिम्युलेशनने. दोन्ही उत्तरं समितीपुढे शेजारी शेजारी ठेवू. मग टेबलावर बोट वाजवत त्यांनी खरी गोष्ट सांगितली. समितीला ज्या पद्धतीचं उत्तर पटेल, त्याच पद्धतीने पुढच्या वर्षीपासून सगळे चौक करायचे. दोन दोन पद्धती पोसणं आता परवडत नाही. हे बोलताना ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते, म्हणजे निकाल त्यांच्या मनात लागलेला होता. समितीने धाकटीचं मान्य केलं असतं, तर माझी चोवीस वर्षं रद्दीत गेली असती.

तीन आठवडे आम्ही दोघी मान मोडून काम करत होतो. माझं उत्तर असं आलं, की सिग्नल ठेवायचे, फक्त वेळा बदलायच्या. गाडीमागे सरासरी चोपन्न सेकंद थांबावं लागेल. आज शंभर सेकंदांच्या वर थांबतात, म्हणजे जवळजवळ निम्मं. मी खूश होते.

समिती सोमवारी अकरा वाजता होती. रविवारी संध्याकाळी धाकटी घरी आली, काखेत लॅपटॉप, डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. मी म्हटलं, साहेबांनी वेगवेगळं करायला सांगितलंय. ती म्हणाली, वेगवेगळं करा म्हणाले, तपासून घेऊ नका असं कुठे म्हणाले. आणि नेहमीसारखी माझ्यासमोर कागद आणि उघडा लॅपटॉप ठेवून ती आत आईकडे चहा टाकायला गेली.

तिने सिग्नल काढून टाकले होते. चौकाच्या मध्ये गोल चक्कर, आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, बाहेरच्याने फट बघून शिरायचं. सरासरी एकतीस सेकंद.

माझ्या चोपन्नासमोर एकतीस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्यावर तिच्या गाड्या त्या चक्राभोवती इतक्या सुरळीत फिरत होत्या की मलाच तिथून गाडी न्यावीशी वाटली. मी मनात म्हटलं, संपलं. उद्या अकरा वाजता समिती हे बघेल, आईसारखी खुर्ची ओढून बसेल आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही.

पण माझ्यासारखी माणसं जळतानासुद्धा बेरीज करतात. मी तिचा कागद उलटा केला आणि गोल चक्राचं सूत्र मांडलं. पुलावरून येणारा गाड्यांचा लोंढा मोठा आहे, तो चक्रात शिरला की आगाराच्या तोंडासमोरून सलग जात राहणार. आगाराकडच्या गाड्यांना शिरायला फटी किती मिळणार, तर तासाला जेमतेम सहाशे दहा गाड्यांपुरत्या. मोजणीत आगाराकडून येतात सातशे नव्वद. म्हणजे तासाभरात एकशेऐंशी गाड्या शिल्लक राहायला हव्यात. शेवटच्या गाडीला सतरा-अठरा मिनिटं तिष्ठावं लागेल. मग सरासरी एकतीस येईलच कशी?

मी पडद्यावर आगाराचा रस्ता नीट बघितला. तो आखूड होता. सत्तर मीटर आणि पुढे काही नाही, रस्ता कात्रीने कापल्यासारखा. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, आगाराचा रस्ता एवढासाच का घेतलास? आतून उत्तर आलं, वरून काढलेला फोटो तिथेच संपत होता, म्हणून रस्ताही तिथेच संपवला, चालेल ना? त्या प्रोग्रामची सूचनांची खिडकी असते, सहसा मिटलेलीच ठेवतात, ती मी उघडली. तिसाव्या फेरीच्या शेवटी एक करडी ओळ होती. एकशे एकसष्ट वाहने प्रवेशाच्या प्रतीक्षेत.

एवढंच होतं ते. त्या सत्तर मीटरांत, दोन रांगांत मिळून, वीस-बावीस गाड्या मावतात. त्या भरल्या की पुढच्यांना नकाशात यायला जागाच नाही. यंत्र त्यांना बाहेर उभं करतं, आणि बाहेर उभ्या गाडीचं घड्याळ सुरूच होत नाही. ती थांबली आहे, पण तिचं थांबणं कुणीच मोजत नाही. सरासरी काढली जाते ती फक्त आत आलेल्या नशीबवानांची. माझ्या सूत्राने एकशेऐंशी शिल्लक सांगितल्या होत्या. वीस-बावीस आत, एकशे साठच्या आसपास बाहेर. तिच्या यंत्राने एकशे एकसष्ट मोजल्या होत्या. दोन पद्धतींचं उत्तर एकच होतं, फक्त तिने ती ओळ वाचली नव्हती. तीस फेऱ्या, तीन आठवड्यांची दमणूक. वाचायची राहून गेली.

मला आनंद झाला. लाज सोडून सांगते, आईशप्पथ आनंद झाला. भूक लागावी इतका.

मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. तिला हाक मारून ती ओळ दाखवायची. मग ती तिथेच बसून रस्ता लांबवेल, पुन्हा फेऱ्या चालवेल आणि सकाळपर्यंत तिला कळेल की गोल चक्कर इथे चालत नाही. तिची लाज राखली जाईल. कदाचित ती सकाळी काहीतरी तिसरंच, माझ्याहून चांगलं घेऊन येईल. ती तसं करू शकते, तेच तर दुखणं आहे. किंवा मूग गिळून बसायचं.

धाकटी कप घेऊन बाहेर आली. मी खिडकी मिटून टाकली होती आणि कागद सुलटा करून ठेवला होता. तिने विचारलं, ‘आहे ना ठीक?’

‘ठीक आहे,’ मी म्हटलं.

तिने कागद माझ्याकडे सरकवला आणि पेन्सिल शोधून माझ्या हातात दिली. मी कोपऱ्यात खूण केली. ती इतकी सैलावली की खुर्चीतच डोळे मिटून बसली. आई म्हणाली, बघ, ताईलाही आवडलं, मी म्हणतच होते. मी चहा प्यायले. चहा चांगला झाला होता.

सोमवारी मी कचेरीत तासभर आधी पोचले. एक पान टाइप केलं. वर मथळा, ‘गोल चक्कर: नकाशाबाहेर राहिलेल्या गाड्यांचा हिशेब’. खाली सूत्र, सातशे नव्वद, सहाशे दहा, एकशेऐंशी, सतरा मिनिटं. सगळं एका पानात, समितीच्या अध्यक्षबाईंनाही कळेल अशा भाषेत. सहा झेरॉक्स काढल्या, फाइलीत नीट लावल्या. त्या सकाळी मी साडी पण चांगली नेसले होते, तेही सांगून टाकते.

समितीत पहिला नंबर माझा लागला. मी दहा मिनिटं बोलले. अध्यक्षबाईंनी मध्येच घड्याळ बघितलं, साहेबांनी दोनदा जांभई दाबली. मग धाकटी उठली आणि पडद्यावर चौक लावला. व्हायचं तेच झालं. बाई पुढे सरकून बसल्या. एका सभासदाने त्यात बस दाखवा म्हटलं, तिने बस दाखवली. दुसऱ्याला आपल्या घराचा रस्ता ओळखू आला. एकतीस सेकंद हा आकडा आला तेव्हा साहेबांनी अशी मान हलवली, जणू त्यांनीच तो काढला होता. मी फाइल मांडीवर धरून बसले होते. तिला अजून जरा हरभऱ्याच्या झाडावर चढू दे, मग बोलू, असा माझा बेत होता.

तेवढ्यात अध्यक्षबाईंनी विचारलं, दोन आकड्यांत एवढा फरक कसा, आणि हा एकतीसचा आकडा कुणी तपासलाय का?

धाकटी म्हणाली, ‘हो, ताईने कालच तपासला. तिने बघितल्याशिवाय मी काहीच पुढे पाठवत नाही.’ आणि तिने कोपऱ्यातली खूण बाईंना दाखवली. अगदी अभिमानाने दाखवली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गप्प बसावं तर उद्या चौकात खरोखर गोल चक्कर होणार आणि बसेस आगाराच्या फाटकापर्यंत तुंबणार, तेही माझ्या खुणेने. बोलावं तर खूण का केली? मी उभी राहिले आणि म्हणाले, एक गोष्ट आत्ता इथे बसल्या बसल्या लक्षात आली. आगाराच्या रस्त्यावरच्या एकशे साठ गाड्या नकाशाच्या बाहेरच राहिल्या आहेत, त्यांचं थांबणं मोजलेलंच नाही. आणि बोलता बोलता, सवयीने, माझ्या हाताने फाइल उघडून सहा प्रती टेबलावर ठेवल्या.

ठेवल्यावर मला कळलं मी काय केलं ते. पण साहेबांनी त्या पुढे सरकवल्यासुद्धा होत्या. एकेक पान एकेकाच्या हातात गेलं. अध्यक्षबाईंनी ते वाचलं, पुन्हा मथळा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, ‘आत्ता लक्षात आलं, आणि आत्ताच टाइपही झालं?’

कुणीतरी हसलं. मी रिकामी फाइल मिटली.

शेवटची प्रत धाकटीच्या हातात गेली. ती उभ्याउभ्याच वाचत होती, ओळीवर बोट ठेवून, मी शिकवलं होतं तसं. वाचून झाल्यावर तिने पडदा बंद केला. ती म्हणाली, ‘ताईचा हिशेब बरोबर आहे. माझा आकडा चुकला आहे. मला दहा दिवस द्या.’ आवाज अगदी सरळ होता. रडली असती, भांडली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं.

त्या दहा दिवसांत ती माझ्याशी वाईट वागली नाही. सकाळी ‘आलीस का’ म्हणायची, फायली द्यायची-घ्यायची, डबा खाताना समोर बसायची. पण तिचे तीन कागद माझ्या टेबलासमोरून थेट साहेबांकडे गेले आणि एकाच्याही कोपऱ्यात खूण नव्हती. घरी ती आली नाही. आईने चार वेळा विचारलं, मी चारही वेळा काम फार आहे म्हणून सांगितलं. धाकटीने तिला काहीच सांगितलेलं नव्हतं, हे आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आईच्या शिव्या खाऊन मोकळी झाले असते. इथे मी एकटीच आतल्या आत घुसमटत होते, आणि त्यातही राग तिचाच येत होता, की ही बया भांडतसुद्धा नाही.

तिने आगाराचा रस्ता चारशे मीटर लांबवला, तीस फेऱ्या पुन्हा चालवल्या आणि स्वतःच लिहून दिलं, की गोल चक्कर या चौकाला उपयोगाचं नाही. उरली माझी योजना. साहेब आता माझ्याकडे बघून बोलायला लागले होते. जुनं ते शेवटी पक्कं असतं, असंही एकदा म्हणाले. मी जिंकले होते म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या समितीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, धाकटी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. खुर्ची न घेता उभीच राहिली आणि म्हणाली की तिने माझी सिग्नलची योजना तिच्या प्रोग्राममध्ये घालून बघितली आहे, मला पाच मिनिटं वेळ आहे का.

मी म्हटलं, दाखव.

माझ्याच हिरव्याचे, माझ्याच लालचे सेकंद पडद्यावर चालू झाले. पहिली काही मिनिटं सगळं ठीक होतं. मग शाळेच्या रस्त्यावर लाल दिव्याशी वीस गाड्या साचल्या, दोन रांगांत दहा-दहा, साठ मीटर. शाळेचं गेट पन्नास मीटरवर आहे. रांगेने गेटच झाकून टाकलं. चौकातून येऊन गेटमध्ये वळू पाहणाऱ्या शाळेच्या बसला वाट मिळेना, ती थांबली, तिच्यामागे दुसरी, तिसरी, आणि त्यांचं शेपूट चौकात येऊन बसलं. हिरवा दिवा लागला तरी कुणाला हलता येईना. चोपन्न सेकंदांची बघता बघता चार मिनिटं झाली.

‘तुझ्या सूत्रात रांगेला लांबी नसते ना,’ ती म्हणाली. ‘सगळ्या गाड्या दिव्याशी एकमेकींच्या डोक्यावर उभ्या असतात. गेट झाकलं जातंय हे त्याला कळणार कसं.’

तिचं अक्षर न् अक्षर खरं होतं. चोवीस वर्षं मी गाड्या एकावर एक रचत आले होते. तिच्या चित्रातल्या गाड्या बाहेर राहिल्या, माझ्या हिशेबातल्या हवेत. मी पडद्याकडे बघत राहिले आणि विचारलं, आता? ती म्हणाली, दिव्यांचं चक्र एकशेवीस सेकंदांचं आहे ते ऐंशीवर आण, म्हणजे लाल कमी वेळ राहील आणि वीसच्या जागी तेरा गाड्या साचतील. गेट मोकळं राहील. तुझं सूत्र वापरून कर, माझ्या फेऱ्यांपेक्षा लवकर होईल. एवढं सांगून तिने लॅपटॉप मिटला आणि जागेवर जाऊन डबा उघडला.

मी त्या दुपारी नवे सेकंद काढले. सरासरी छप्पन्न आली, दोनच सेकंद जास्त. संध्याकाळी ते तिच्या प्रोग्रामला दिले, तिने फेऱ्या चालवल्या. यंत्र म्हणालं सत्तावन्न. शाळेच्या बसेस गेटमध्ये वळत होत्या. आम्ही दोघी तो पडदा बघत शेजारी उभ्या होतो.

दुसऱ्या समितीत योजना पंधरा मिनिटांत मंजूर झाली. अध्यक्षबाईंनी शाळेच्या गेटचा भाग दोनदा वाचला. मागच्या वेळी तो नव्हता, हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी विचारलं, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण योजनेवर नाव माझं होतं. धाकटी खाली मान घालून फाइलीची दोरी सोडत-बांधत होती. ती काही बोलणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. ‘विभागाच्या’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, ते खोटंही नव्हतं. जिभेवर आलंही होतं.

‘माझ्या धाकट्या बहिणीच्या,’ मी म्हटलं. ‘माझ्या सूत्राला ते दिसलं नसतं.’

बाईंनी टेबलावर थाप मारून शाबासकी दिली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब उठून तिच्याशी हात मिळवायला गेले. दोन्ही पद्धती चालू ठेवा, एकीची दुसरीने तपासणी करा, असा ठरावही झाला. मी म्हणजे काय मोठं बलिदान केलं होतं, असं मला क्षणभर वाटलं. आणि पुढच्याच क्षणी, त्या टाळ्या ऐकताना, तोच जुना हेवा वाटला. मी खरं बोलले, आणि टाळ्या परत तिलाच.

बाहेर जिन्यात मी तिला गाठलं. मला वाटत होतं की आता फिटंफाट झाली. मी म्हटलं, बघ, सगळ्यांसमोर सांगितलं ना मी. ती हो म्हणाली. मग न राहवून मी विचारलं, ‘तू आदल्या दिवशी येऊन मला का सांगितलंस? समितीतच सांगायचं होतंस. माझी चांगली जिरली असती.’

तिने पायरीवर थांबून थोडा विचार केला. रागावलेली नव्हती, तेवढं सांगते.

‘तुझ्यासारखं व्हायचं म्हणून मी या कामात आले, ताई,’ ती म्हणाली. ‘बारावीनंतर फॉर्म भरताना दुसरं काही लिहिलंच नव्हतं. ते शिकणं आता बंद केलंय. म्हणून आधी सांगितलं.’

ती खाली उतरून गेली. मी कठडा धरून उभी राहिले. तिच्या गाड्यांचा, तिच्या टाळ्यांचा, आईच्या कौतुकाचा, सगळ्याचा मी हेवा केला होता. कुणाला माझ्यासारखं व्हावंसं वाटत असेल, आणि तेही तिला, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला ते कळलं तेव्हा तिचं ते वाटणं संपलेलं होतं.